देगाची नर्तकी, रोदाँची ईव्ह की रेन्वारची व्हीनस : एका दुपारी कोणतं ब्राँझ पाहावं?

पॅरिसला निघालेली मंडळी मोने आणि रेन्वारच्या चित्रांची यादी तयार ठेवतात आणि मग विचारतात, इम्प्रेशनिस्टांचं एखादं शिल्पही पाहायचं आहे, शक्यतो ब्राँझची स्त्रीप्रतिमा, तर कुठली पाहावी? हाताशी वेळ असतो एका दुपारचा. या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर आहे: पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयातली एद्गार देगाची 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी'. प्रवासाच्या पुस्तकांत ती असते, फ्रिजवरच्या चुंबकावर असते, कापडी पिशव्यांवर असते. माझं उत्तर वेगळं आहे. ते पटवायचं तर चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतील: ही नर्तकी, त्याच देगाची वीत-दोन वीत उंचीची छोटी ब्राँझं, ओग्यूस्त रोदाँची 'ईव्ह' आणि रेन्वारची 'विजयी व्हीनस'.

आधी कसोट्या ठरवून घेऊ. चित्रातला दृक्प्रत्ययवाद, म्हणजेच इम्प्रेशनिझम, चटकन कळतो: त्या घटकेचा उजेड, तुटक फटकारे, सावलीतही रंग. धातूच्या मूर्तीत हे यायचं कसं? मूर्तीला स्वतःचा उजेड नसतो, ठेवाल तिथला उजेड ती घेते. शिल्पकाराच्या हातात मग दोनच गोष्टी उरतात. पहिली पृष्ठभाग. माती किंवा मेणाच्या बारक्या गोळ्या अंगठ्याने दाबत जायचं आणि त्या घासूनपुसून सपाट न करता तशाच राहू द्यायच्या. प्रत्येक खळग्यात सावली साठते, प्रत्येक उंचवट्यावर उजेड फुटतो, आणि बघणारा पाऊलभर सरकला की सगळं बदलतं. दुसरी गोष्ट क्षण. इथे देवी नको, विजयमूर्ती नको. बाई अंग पुसते आहे, पायाला काय लागलं ते बघते आहे, तोल सावरते आहे. आपण बघतोय याची तिला फिकीर नाही.

तिसरी कसोटी माझी स्वतःची: हात कुणाचा? ब्राँझ ओतारी ओततो, कलाकार नव्हे. मूळ मेण किंवा मातीवरून साचा, साच्यातून पुन्हा मेण, मेण वितळवून त्या पोकळीत धातू, मग छाटणी, घासणी आणि रसायनांनी चढवलेला रंग. एवढ्या टप्प्यांतून कलाकाराचं बोट शाबूत राहिलं का, आणि त्याने स्वतः ते धातूत कधी पाहिलं का, हे न विचारता ब्राँझची तुलना करण्यात अर्थ नाही.

आपल्या मराठी डोळ्याची एक सवयही इथे सांगून ठेवतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या गणपतराव म्हात्रे यांची १८९६ ची 'मंदिरपथगामिनी' प्लास्टरमधली, पण नऊवारीची चुणी न् चुणी जागच्या जागी. आपल्याकडे शिल्पाचा चांगुलपणा बराच काळ त्याच मापाने मोजला गेला: अंगप्रत्यंग बिनचूक, चेहरा हुबेहूब, सफाई चोख. तो डोळा घेऊन देगाच्या छोट्या ब्राँझपुढे उभं राहिलात तर 'हे अर्धवटच राहिलंय' असं वाटणार. वाटू द्या. दोन मिनिटं थांबा, एवढंच.

छोटी नर्तकी

हिची हकिगत हिच्या ब्राँझपेक्षा जास्त रंगीत आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

मॉडेल होती मारी फान गोएथेम. जन्म १८६५, आईवडील बेल्जियमहून पॅरिसला आलेले, बाप शिंपी, आई लोकांचे कपडे धुणारी. मुलगी ऑपेराच्या बॅले शाळेत. अशा पोरींना तिथे 'उंदरं' म्हणत. घरची गरिबी, तुटपुंजी बिदागी आणि वर्षाची वर्गणी भरून रंगमंचामागे मोकळेपणी वावरणारे श्रीमंत पुरुष, या तिन्हींच्या मधोमध त्यांचं आयुष्य चाले. १८८२ मध्ये, तालमींना वेळेवर येत नाही म्हणून, मारीचं नाव ऑपेरातून कमी झालं. पुढे तिचा माग फारसा लागत नाही.

देगाने ती मेणात घडवली. मेणाला अंगाचा रंग दिला, डोक्यावर खऱ्या केसांचा टोप बसवून त्याला रिबीन बांधली, अंगात खरी चोळी, कमरेला खऱ्या कापडाचा टूटू, म्हणजे बॅलेचा घेरदार झगा, आणि पायात बॅलेचे खरे जोडे. १८८० च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनाच्या यादीत तिचं नाव होतं, पण प्रेक्षकांना दिसली फक्त रिकामी काचपेटी. शिल्प आलं दुसऱ्या वर्षी, १८८१ च्या सहाव्या प्रदर्शनात, आणि बऱ्याच समीक्षकांचं डोकं फिरलं. कुणाला तिच्यात माकड दिसलं, कुणाला जन्मजात दुर्गुण, कुणी तिला प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात पाठवायला निघालं. काचपेटीने त्यात भर घातली, कारण पेटीत नमुने ठेवतात, कलाकृती नाही. लेखक-समीक्षक ह्युइस्मान्ससारख्या मोजक्यांनाच कळलं की शिल्पकलेत खऱ्या अर्थाने आधुनिक असं काहीतरी इथे पहिल्यांदा घडलंय.

यानंतर देगाने हयातीत दुसरं एकही शिल्प जाहीरपणे मांडलं नाही. नर्तकी छत्तीस वर्षं स्टुडिओत पडून होती. न्यूयॉर्कच्या संग्राहक लुइझिन हॅवमायर यांनी ती विकत घ्यायचे प्रयत्न केले, पण ती हाताला लागली नाही. १९१७ मध्ये देगा गेला, आणि स्टुडिओत मेण-मातीची सुमारे दीडशे कामं निघाली. कित्येक मोडलेली, काहींचा नुसता भुगा. वारसांनी १९१८ मध्ये हेब्रार ओतशाळेशी करार केला. आल्बिनो पालाझ्झोलो या इटालियन कारागिराने शाबूत राहिलेल्यांपैकी ७४ शिल्पं ब्राँझमध्ये आणली. प्रत्येकाच्या २२ प्रती ठरल्या: अक्षरं घातलेल्या २० विक्रीसाठी, एक वारसांची, एक ओतशाळेची. आज पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, कोपनहेगन, साओ पाउलो इथे दिसणारी नर्तकी या ओतकामातली आहे. एका प्रतीचा लिलाव २०२२ मध्ये न्यूयॉर्कला झाला, आकडा गेला ४ कोटी १६ लाख डॉलरवर.

म्हणजे ज्या ब्राँझसमोर लोक सेल्फीसाठी रांग लावतात, ते देगाने पाहिलेलंच नाही. तो ब्राँझला बिचकायचा. हा धातू कायमचा टिकतो, त्यात काही मागे ठेवणं फार जबाबदारीचं, अशा अर्थाचं तो बोलल्याची आठवण त्याचा चित्रविक्रेता व्होलार याने नोंदवून ठेवली आहे.

आता कसोट्या लावू. पृष्ठभाग: चेहरा, मान आणि पोटऱ्या बऱ्यापैकी गुळगुळीत आहेत, उजेड फुटत नाही, ओघळतो. क्षण: इथे मात्र ती पैकीच्या पैकी घेते. पाय बॅलेच्या चौथ्या स्थितीत बाहेर वळलेले, हात पाठीमागे ताणून गुंफलेले, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. ती नाचत नाही, वाट बघते आहे. कंटाळली आहे का मस्तीत आहे, सांगता येत नाही. आणि हात? ब्राँझमध्ये केस धातूचे झाले, चोळी धातूची झाली, जोडेही. अंगाचा रंग जाऊन तिथे एकसुरी काळपट तपकिरी आली. खरा उरला तो टूटू आणि रिबीन, आणि तेही मूळचे नाहीत. कापड जीर्ण झालं तसे संग्रहालयांनी आपापल्या समजुतीने ते बदलले, म्हणून एका शहरात घेर गुडघ्यापर्यंत येतो, दुसऱ्या शहरात वरच संपतो. १८८१ मध्ये लोकांना डिवचलं ते मेणाच्या जिवंत कातडीने आणि माणसाच्या केसांनी. ब्राँझने पोरीला प्रतिष्ठा दिली आणि तिचा डंख काढून घेतला.

मूळ मेणाची शिल्पं नष्ट झाली असंच पुष्कळ काळ मानलं जात होतं. १९५५ मध्ये ती उजेडात आली, पॉल मेलन या अमेरिकन संग्राहकाने विकत घेतली, आणि नर्तकी आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. क्ष-किरण तपासणीत तिच्या पोटातला सांगाडा दिसला: तारा, लाकूड आणि हातांत चक्क रंगकामाच्या ब्रशांचे दांडे. अमेरिकेतल्या मराठी वाचकांना म्हणूनच सरळ सांगतो, तुमचा प्रश्नच वेगळा आहे. न्यू जर्सीहून मेट म्युझियम जवळ आहे, तिथेही ब्राँझची नर्तकी आहे, पण चारेक तास गाडी हाकून वॉशिंग्टन गाठा. प्रवेश फुकट आहे आणि मूळ मेण समोर आहे. लॉस एंजेलिसकडे असाल तर पॅसाडेनाचं नॉर्टन सायमन म्युझियम. पुढच्या प्रती ज्यांच्यावरून ओतल्या ती पहिली 'मोदेल' ब्राँझं तिथे आहेत, आणि बारकावे त्यांच्यात सर्वांत ठसठशीत.

त्याच दालनातली छोटी ब्राँझं

दॉर्सेमध्ये लोक नर्तकीभोवती घोळका करतात आणि देगाच्या लहान ब्राँझच्या काचेवरून ओझरती नजर फिरवून पुढे जातात. माझं उत्तर त्या काचेमागे आहे.

'उजव्या पायाचा तळवा पाहणारी नर्तकी' घ्या. हा विषय देगाने पुन्हा पुन्हा केला. उंची जेमतेम अर्धा मीटर. बाई डाव्या पायावर उभी, उजवं पाऊल मागून वर घेऊन हाताने धरलेलं, मान खांद्यावरून मागे वळवून ती तळव्याकडे बघते आहे. काटा रुतला असेल, फोड आला असेल. डावा हात हवेत तोल शोधतो आहे. ही पोझ कुणालाही दोन-चार मिनिटांपलीकडे धरता येत नाही. घरी करून बघा, लगेच कळेल. म्हणजे मॉडेल सारखी डुगडुगत होती आणि देगा ते डुगडुगणंच पकडत होता. पाठीवर मेणाचे थर एकावर एक थापलेले, मांडीवर अंगठ्याची लांब ओढ. चेहरा जवळजवळ नाहीच. शाडू हातात घेतलेल्या माणसाला हे बघताच कळेल की कुठली गोळी आधी बसली आणि कुठली नंतर.

देगाची दृष्टी उतारवयात फार अधू झाली होती, आणि हात डोळ्याचं काम करू लागले होते. आतला सांगाडा तो नीट बांधत नसे. तारा, दोऱ्या, बाटल्यांची बुचं, हाताला लागेल ते कोंबायचा. बुचामुळे मेण कमी लागे आणि वजनही हलकं राही, पण मूर्ती वाकत, तडकत, कोसळत. विकायचं नव्हतं, दाखवायचं नव्हतं, त्यामुळे संपवायचीही घाई नव्हती. तो मोडायचा आणि पुन्हा करायचा. पालाझ्झोलोचं खरं कौतुक इथे आहे. भेगा, चिकटवलेले तुकडे, बोटांचे ठसे त्याने घासून टाकले नाहीत, धातूत जसेच्या तसे उतरवले. नर्तकीत जे गमावलं, ते इथे बहुतांशी वाचलं, कारण इथे केस-कापड नव्हतंच. होतं ते नुसतं मेण आणि बोट.

दुसरं शोधा ते 'टब', १८८८-८९ च्या सुमाराचं. उथळ गोल परातीत बाई उताणी पडून स्पंजने अंग धुते आहे, एका हाताने स्वतःचंच पाऊल धरलेलं. मूळ कामात बाई मेणाची, परात शिशाची आणि खालची चिंधी प्लास्टरमध्ये बुडवलेली. शिल्प म्हणजे उभं आणि समोरून बघायचं, हा शेकडो वर्षांचा नेम. हे मात्र वरून, वाकून बघायचं आहे, न्हाणीच्या दारातून डोकावल्यासारखं. तो अवघडलेपणा देगाला हवाच होता. १८८०-९० च्या दशकांतल्या त्याच्या पेस्टल चित्रांत न्हाणाऱ्या बायका आहेतच. दॉर्सेमध्ये ती चित्रं पाहून लगेच इकडे आलात तर दोन्हींमागे एकच हात आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

'आराबेस्क' करणाऱ्या नर्तकींची तीन-चार ब्राँझंही आहेत. एका पायावर वाकत जाणारं शरीर, प्रत्येक मूर्तीत आधीच्यापेक्षा थोडं अधिक आडवं. ती लागोपाठ पाहा.

पृष्ठभाग, क्षण, हात: तिन्ही कसोट्यांवर ही छोटी ब्राँझं पहिली येतात. त्यांची एकच उणीव आहे, ती म्हणजे त्यांचा आकार. फोटोत ती काहीच दिसत नाहीत, आणि 'पाहिलं बरं का' असं घरी सांगण्यासारखं त्यांना नावही नाही.

रोदाँची ईव्ह

रोदाँ इम्प्रेशनिस्टांच्या गटातला नव्हता. पण मोने आणि तो एकाच महिन्यात जन्मले, नोव्हेंबर १८४०, आणि १८८९ मध्ये जॉर्ज पेती यांच्या दालनात दोघांचं मिळून प्रदर्शन झालं. त्याच्या मातीकामातला उजेड बघून समीक्षकांना मोने आठवे, आणि ते उगीच नव्हतं.

'ईव्ह' १८८१ मध्ये सुरू झाली, 'नरकाचे दरवाजे' या प्रचंड कामासाठी. पूर्ण उंचीची बाई, दोन्ही हात छातीशी आवळून धरलेले, चेहरा दंडाआड लपवलेला, एक गुडघा किंचित पुढे. रोदाँने पुढे सांगितलेली गोष्ट अशी की पोटाची रेघ रोज थोडी बदलावी लागत होती आणि कारण कळत नव्हतं. मग समजलं की मॉडेल गर्भार आहे. तिने येणं थांबवलं, मूर्ती तिथेच थांबली. १८९९ च्या सालोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनात, त्याने ती तशीच मांडली, खरबरीत, बैठक वाळूत पुरून, जेणेकरून ती बघणाऱ्यांच्या बरोबरीने जमिनीवर उभी राहावी.

विषय बायबलचा, शरीरावर मायकेलअँजेलोची सावली. या अर्थाने ती जुनीच. पण पोटावर आणि मांड्यांवर मातीचे लपके तसेच आहेत, आणि ऊन सरकतं तसं अंग हलल्याचा भास होतो. क्षणाची कसोटी ती मागच्या दाराने उत्तीर्ण होते: पोझ चिरंतन, पण शरीर त्याच आठवड्याचं. 'हात' या कसोटीवर रोदाँ देगाच्या बरोबर उलट. तो ओतशाळांशी रोजचा व्यवहार करणारा माणूस. ब्राँझ कसं दिसावं, रंग कोणता चढावा, याची त्याला जाण होती. १९१६ मध्ये त्याने आपली कामं आणि हक्क फ्रेंच राज्याला दिले, म्हणून त्याच्या मृत्यूनंतरही संग्रहालय अधिकृत प्रती ओतू शकतं. आज फ्रान्समध्ये 'मूळ' म्हणवणाऱ्या ब्राँझच्या प्रतींना १२ ची मर्यादा आहे.

एक सावधगिरी. ईव्हची एक छोटी आवृत्तीही आहे आणि ती फार विकली गेली. ती गुळगुळीत आहे, गोड आहे, आणि या लेखाच्या कामाची नाही. मोठीच पाहा. रोदाँचं संग्रहालय दॉर्सेपासून पायी वीस मिनिटांच्या आत. मोनेची कमळं बघायला ओरांजरी संग्रहालयात जाणार असाल तर त्या इमारतीलगत त्विलरी बागेतही एक ईव्ह उभी आहे, तिला तिकीट लागत नाही. उघड्यावरचा उजेड तिला दालनातल्या दिव्यांपेक्षा मानवतो. सकाळी दहाच्या तिरप्या उन्हात गेलात तर उत्तम.

रेन्वारची विजयी व्हीनस

नावावर जाल तर हीच खरी 'इम्प्रेशनिस्टाची ब्राँझ स्त्री'. कसोट्यांवर मात्र ही शेवटची.

संधिवाताने रेन्वारची बोटं आखडली होती. कुंचला बोटांत अडकवून द्यावा लागे, माती मळणं तर दूरच. १९१३ मध्ये व्होलारने रिशार गिनो या तरुण कातालान शिल्पकाराला दक्षिण फ्रान्समधल्या कान्य-स्युर-मेरच्या घरी धाडलं. गिनो आधी मायोल या शिल्पकाराकडे काम केलेला. रेन्वार रेखाटनं आणि चित्रं दाखवायचा, हातातल्या काठीने खुणावायचा, 'इथे वाढव, इथे काढ' सांगायचा. माती गिनोची बोटं हलवायची. अशी १९१८ पर्यंत बरीच कामं झाली, त्यांतली 'विजयी व्हीनस' १९१४-१६ ची, माणसाएवढी. उजव्या हातात ग्रीक पुराणातल्या पॅरिस नावाच्या राजपुत्राच्या निवाड्यातलं सफरचंद, डाव्या हातात वस्त्र, रुंद कंबर, शांत चेहरा. अंग भरीव, गोल, सलग. उजेड त्यावर पसरतो आणि थांबतो. इम्प्रेशनिझमपेक्षा यात ग्रीस जास्त आहे, आणि मायोल त्याहून थोडा अधिक.

हात कुणाचा, हा प्रश्न इथे खरोखरच न्यायालयात गेला. १९७३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने गिनोला सहनिर्माता मानणारा निकाल कायम केला. तरीही कित्येक पाट्यांवर रेन्वारचं नाव ठळक आणि गिनोचं बारीक असतं. पाटी वाचाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

तिला वाईट म्हणायचं नाही. कान्यमध्ये रेन्वारच्या घराचं आता संग्रहालय आहे, बागेत जुनी ऑलिव्हची झाडं आहेत आणि त्यांच्यात ही व्हीनस उभी आहे. नीसला जाणारच असाल तर तिथून वाकडी वाट करून अवश्य जा, बागेसाठी तरी जाच. पण केवळ हिच्यासाठी पॅरिस सोडून दक्षिणेला जाऊ नका.

यादीबाहेरची दोन नावं

मेदार्दो रोस्सोला का घेतलं नाही, असं जाणकार विचारतील. तूरिनला १८५८ मध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला हा माणूस शिल्पातला सर्वांत शुद्ध दृक्प्रत्ययवादी. चेहरा हवेत विरतोय असं वाटावं, इतका तो कडा पुसतो. ओतकाम बऱ्याचदा स्वतःच करायचा आणि त्यातले दोषही मुद्दाम राखायचा. रोदाँशी त्याची आधी मैत्री, शिल्पांची अदलाबदल, आणि रोदाँने केलेल्या बाल्झाकच्या पुतळ्यानंतर 'माझी कल्पना घेतली' म्हणून कडाक्याचं भांडण. पण त्याच्या बायका बहुतेक मुखवटे किंवा अर्धाकृती, आणि त्याचा जीव मेणात. पूर्ण स्त्रीदेह ब्राँझमध्ये हवा असेल तर तो उपयोगाचा नाही. चेहऱ्यावर भागत असेल तर तो या सगळ्यांच्या पुढे आहे.

दुसरं नाव शिल्पकार कामीय क्लोदेल हिचं. वरची सगळी शिल्पं पुरुषांनी बायकांकडे बघून केलेली, हे वाचताना तुमच्या मनात आलंच असेल. 'इम्प्रेशनिस्ट' हे लेबल तिला नीट बसत नाही, पण दॉर्सेमध्येच तिचं 'प्रौढ वय' हे ब्राँझ आहे: म्हातारी एका पुरुषाला ओढून नेते आहे आणि मागे गुडघ्यांवर पडलेल्या तरुणीचे हात हवेत राहिलेत. त्या हातांच्या आणि निसटत्या हाताच्या मधली रिकामी जागा बघा. १९१३ मध्ये घरच्यांनी तिला मनोरुग्णालयात ठेवलं, १९४३ मध्ये ती मनोरुग्णालयातच गेली. तिचं स्वतंत्र संग्रहालय नोजाँ-स्युर-सेन इथे २०१७ मध्ये उघडलं. रोदाँ संग्रहालयातही तिची कामं आहेत.

मग ठरवायचं कसं

एकच दुपार असेल तर दॉर्से, आणि आत गेल्यावर आधी छोटी ब्राँझं, मग नर्तकी. क्रम उलटा केलात तर नर्तकीनंतर डोळा दमतो आणि लहान मूर्ती खेळण्यांसारख्या वाटू लागतात. मुलं सोबत असतील, विशेषतः भरतनाट्यम किंवा कथक शिकणारी मुलगी असेल, तर हा क्रम सोडा आणि तिला थेट नर्तकीपाशी न्या. त्या ताठ पाठीतली आणि बाहेर वळलेल्या पावलांतली मेहनत तिला तुमच्याआधी कळेल. मारीची हकिगतही सांगा, वयाला झेपेल तेवढी.

शिल्पकलेचे विद्यार्थी असाल तर अर्धा वेळ छोट्या ब्राँझला, अर्धा मोठ्या ईव्हला द्या. एकाने मेण जोडत जाऊन तोल शोधला, दुसऱ्याने माती मध्येच सोडून दिली. अपुरेपणा दोघांकडे आहे, पण एकाचा खाजगी, दुसऱ्याचा जाणूनबुजून चव्हाट्यावर मांडलेला. स्केचबुक न्या. कॅमेरा या कामात लबाड ठरतो, तो एकच उजेड पकडतो.

गर्दीचा तिटकारा असेल तर ईव्ह. गुरुवारी दॉर्से रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हाही दालनं जरा मोकळी मिळतात. दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. नर्तकी अधूनमधून बाहेरच्या प्रदर्शनांना जाते, तेव्हा तिच्यासाठीच जाणार असाल तर आधी संकेतस्थळ पाहून घ्या. लंडनला उतरणाऱ्यांसाठी टेट संग्रहालयाकडे नर्तकीही आहे आणि व्हीनसही, पण दोन्ही एकाच वेळी मांडलेल्या असतील असं धरून चालू नका.

राहिला प्रश्न घरी काही आणायचा. ऑनलाइन बाजारात 'देगा ब्राँझ' नावाने मिळतं त्यातलं पुष्कळसं ब्राँझ नसतंच. रेझिनमध्ये धातूची पूड कालवून ओतलेलं असतं. हातात घेतलं की हलकं लागतं, स्पर्शाला गार लागत नाही, नखाने वाजवलं तर आवाज बद्द येतो. खरं धातूचं असलं तरी ते बहुधा प्रतीवरून काढलेली प्रत असतं. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे दर पिढीला मूर्ती किंचित लहान होते आणि बोटांचे ठसे बुजत जातात. हेब्रारच्या प्रतीही मोदेल ब्राँझवरून काढलेल्या, म्हणून मूळ मेणापेक्षा त्या नखभर लहानच भरतात. खाली देगाची सही दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, सही साच्यात येते आणि साचा कुणीही काढतो. नव्वदच्या दशकात दुसऱ्या एका ओतशाळेत सापडलेल्या प्लास्टरांवरून ओतलेल्या 'देगा' ब्राँझबद्दल तर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे.

तरीही टेबलावर काही हवंच असेल, तर तळवा पाहणाऱ्या नर्तकीची प्रत शोधा. पाठ फिरवून बघा, तिथला खडबडीतपणा राखलेला असेल तर घ्या, गुळगुळीत केला असेल तर ठेवून द्या. आणि मुलीचा हट्ट छोट्या नर्तकीचाच असेल तर घेताना टूटू कापडाचा आहे ना, एवढं तरी पाहा. बऱ्याच स्वस्त प्रतींत तोही ओतीव असतो.